‘टोमेंटोज’ म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द कधी वापरायचा

बोरीचं एक पान तोडून आधी वरून पाहा. हिरवंगार, चकचकीत, हाताला गुळगुळीत. आता तेच पान उलटं करा. खालची बाजू पांढरट, मऊ, कापसाचा पातळ थर चिकटवल्यासारखी दिसते आणि तीन ठळक शिरा सोडल्या तर पानाचा हिरवा रंग जवळजवळ कुठेच दिसत नाही. या थराला वनस्पतिशास्त्रात टोमेंटम म्हणतात, आणि असा थर असलेल्या पृष्ठभागाला टोमेंटोज.

वनस्पतींची वर्णनं, ओळखीच्या किल्ल्या (लक्षणांच्या पर्यायांतून निवड करत झाडाच्या नावापर्यंत नेणाऱ्या याद्या) आणि शास्त्रीय नावं या तिन्ही ठिकाणी हा शब्द सतत भेटतो. तरीही हौशी नोंदींमध्ये चुकीचा वापरला जाणारा शब्द म्हणून त्याचाच नंबर वर लागेल. कारण साधं आहे. पानावर केस दिसले की ‘टोमेंटोज’ लिहून मोकळं व्हायची सवय. केसाळपणाचे निदान पंधरा-वीस प्रकार वेगवेगळ्या शब्दांनी सांगितले जातात, त्यातला हा एक, आणि त्याचा अर्थ बराच अरुंद आहे.

तीन अटी

पृष्ठभागाला टोमेंटोज म्हणायचं तर तीन गोष्टी एकत्र हव्यात.

पहिली, केस मऊ हवेत. बोट फिरवल्यावर टोचता कामा नये, खरखरता कामा नये.

दुसरी, केस दाट हवेत. किती दाट, तर मधून खालची त्वचा दिसू नये किंवा अगदी कष्टाने दिसावी.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, केस एकमेकांत गुंतलेले हवेत. नमद्यात लोकरीचे धागे विणलेले नसतात, दाबून एकमेकांत अडकवलेले असतात. टोमेंटमची बांधणी तशीच असते. एक केस चिमट्यात धरून ओढला तर शेजारचे चार-पाच सोबत येतात.

यातली एक अट जरी सुटली तरी शब्द बदलतो. मऊ आणि दाट आहेत पण प्रत्येक केस सरळ उभा आहे, तर तो मखमली पृष्ठभाग झाला. मऊ आणि गुंतलेले आहेत पण विरळ आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे, तर त्याला अ‍ॅरॅक्नॉइड म्हणतात. दाट आहेत पण ताठ आणि राठ आहेत, तर हिस्पिड. म्हणून निर्णय घेताना तिन्ही अटी एकेक करून तपासायच्या. एकूण दिसण्यावर जायचं नाही.

लॅटिनमध्ये टोमेंटम म्हणजे गादी-उशीत भरायचा ऐवज: लोकर, केस, पिंजलेलं काहीही. हा मूळ अर्थ लक्षात ठेवला तर तिसरी अट विसरली जात नाही. गादीत भरलेला कापूस सुटा नसतो, गुंतलेला असतो.

केस वेगळे, केसांचा थर वेगळा

इथे थोडं थांबायला हवं, कारण अनुभवी लोकांच्या नोंदींमध्येही ही गल्लत आढळते. वनस्पतीच्या केसाबद्दल दोन स्वतंत्र प्रश्न असतात. एक, केसाचा आकार कसा आहे? तो एकपदरी साधा असेल, फांद्या फुटलेला असेल, एका बिंदूतून चांदणीसारखे हात पसरलेला असेल, किंवा टोकाला ग्रंथी असलेला असेल. दोन, या सगळ्या केसांनी मिळून पृष्ठभागाला काय रूप दिलं आहे? टोमेंटोज हा शब्द फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

त्यामुळे ‘टोमेंटोज केस’ असं लिहिणं चुकीचं. केस साधे किंवा तारकाकृती असतात. पान, देठ, फांदी, निदलपुंज, फळ हे टोमेंटोज असतात. सागाच्या पानाची खालची बाजू तारकाकृती केसांनी बनलेल्या टोमेंटमने झाकलेली असते, तर बोरीच्या पानाखालचे केस साधे, नागमोडी असतात. दोन्ही पृष्ठभाग टोमेंटोजच. वर्णनात ‘तारकाकृती-टोमेंटोज’ असा जोडशब्द दिसला तर त्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी दिलेली आहेत असं समजायचं. जिथे शक्य असेल तिथे अशीच जोडनोंद करावी. एकाच प्रजातीगटातल्या दोन जाती वेगळ्या काढताना थराच्या दाटपणापेक्षा केसाचा आकार जास्त भरवशाचा असतो, कारण दाटपणा ऊन-पाण्यानुसार बदलतो आणि केसाचा आकार सहसा बदलत नाही.

तपासायचं कसं

लागणारं साहित्य थोडकंच: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बारीक टोकाचा चिमटा किंवा सुई, मिलिमीटरची पट्टी, पारदर्शक चिकटपट्टी, काळा कागद आणि थोडं स्पिरिट. स्पिरिट नसेल तर हात निर्जंतुक करायचं पातळ द्रावण चालतं. जेल नको, त्याचे बुडबुडे केसांत अडकतात.

१. पान निवडा. शेंड्याकडून पहिली दोन-तीन पानं सोडा आणि पूर्ण वाढलेलं, पण जून न झालेलं पान घ्या. एकाच झाडाचं एकच पान पाहून नोंद करू नका. तीन वेगवेगळ्या फांद्यांवरची मिळून पाच पानं तरी पाहा, आणि त्यातलं निदान एक भर उन्हातलं व एक सावलीतलं असू द्या.

२. नुसत्या डोळ्यांनी रंग पाहा. खालची बाजू वरच्यापेक्षा स्पष्टपणे पांढरट, राखाडी, पिवळट किंवा तांबूस आहे का? टोमेंटम असेल तर दोन बाजूंच्या रंगात बहुधा मोठा फरक पडतो.

३. बोटाने स्पर्श करा, पण एकदाच आणि हलक्या हाताने. जिथे घासलं ती जागा पुढच्या तपासणीला निकामी होते.

४. आता भिंग. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं. दहा पट भिंगात पान सुमारे अडीच सेंटीमीटरवर आलं की स्पष्ट दिसतं. प्रकाश समोरून पडू देऊ नका, बाजूने तिरका पडू द्या. समोरच्या प्रकाशात केस सपाट दिसतात आणि दाटपणाचा अंदाज चुकतो.

५. पान बोटावर दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडे पाहा. ही युक्ती सगळ्यांत उपयोगी आहे. कडेवर केस आडव्या बाजूने दिसतात, त्यामुळे ते उभे आहेत, पसरलेले आहेत की एकमेकांत गुंतले आहेत हे लगेच कळतं. मखमली आणि टोमेंटोज यांतला गोंधळ इथेच मिटतो: मखमलीत कड गवताच्या हिरवळीसारखी दिसते, टोमेंटममध्ये पिंजलेल्या कापसासारखी.

६. शिरांवर आणि शिरांच्या मधल्या भागात वेगवेगळं पाहा. कित्येक पानांत केस फक्त शिरांवर असतात. तसं असेल तर पान टोमेंटोज नाही. फार तर ‘शिरांवर टोमेंटोज’ असं लिहावं.

७. सुईने थराचा छोटा पुंजका सोडवा, काळ्या कागदावर ठेवा आणि केसाचा आकार पाहा. पुंजका मिळत नसेल तर चिकटपट्टी दाबून उचला. पट्टीला चिकटून आलेले केस भिंगाखाली सुटे दिसतात. सूक्ष्मदर्शक असेल तर पुंजका स्पिरिटच्या थेंबात ठेवून काच झाका. साधं पाणी वापरलं तर केसांमध्ये हवा अडकते आणि काळ्या बुडबुड्यांखेरीज काहीच दिसत नाही.

८. शेवटी स्पिरिटचा एक थेंब खालच्या बाजूवर टाका. खरं टोमेंटम असेल तर ती जागा पाहता पाहता हिरवी होते. या केसांच्या पेशी बहुतेकदा मेलेल्या आणि हवेने भरलेल्या असतात. पांढरेपणा रंगद्रव्याचा नसतो, हवा आणि पेशीभित्तिका यांच्या सीमेवर प्रकाश विखुरल्यामुळे तो दिसतो. हवेची जागा द्रवाने घेतली की विखुरणं कमी होतं आणि खालचा हिरवा रंग वर येतो. स्पिरिट उडून गेलं की पांढरेपणा परत येतो. तांबूस किंवा पिवळट टोमेंटममध्ये मात्र केसांत रंगद्रव्यही असू शकतं, त्यामुळे तिथे ही परीक्षा तितकी स्पष्ट उतरत नाही.

शेजारचे शब्द

सर्वाधिक गोंधळ प्युबेसंट या शब्दाशी होतो. प्युबेसंट म्हणजे आखूड, मऊ, सुटे केस, ज्यांच्यामधून त्वचा सहज दिसते. हा शब्द सैल आहे. बरेच लेखक ‘कोणत्याही प्रकारे लवदार’ अशा अर्थानेही तो वापरतात. म्हणून जुन्या वर्णनात प्युबेसंट वाचलं तर पान हमखास विरळ केसांचं असेल असं धरू नका. उलट टोमेंटोज लिहिलेलं असेल तर लेखकाला दाट थर दिसला होता असं बहुधा मानता येतं. शंका असेल तेव्हा तुमच्या नोंदीत प्युबेसंट लिहिणं कमी धोक्याचं.

लॅनेट म्हणजे लोकरी. टोमेंटोजपासून याची सीमा खरंच धूसर आहे. लॅनेटमध्ये केस लांब, कुरळे आणि सैल गुंतलेले असतात, थर फुगीर दिसतो. टोमेंटोजमध्ये केस आखूड आणि थर पानाला चिकटून बसलेला. एक केस सरळ करून मोजला आणि तो दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला तर लॅनेटकडे झुकायला हरकत नाही, पण याला कुठली ठरलेली मर्यादा नाही, लेखकागणिक फरक पडतो. कपूरमाधुरीचं जातिनाम, म्हणजे शास्त्रीय नावातला दुसरा शब्द, लॅनाटा आहे ते याच शब्दावरून.

सेरिशियस म्हणजे रेशमी. केस दाट आणि मऊ असतात, पण सगळे एकाच दिशेला पानावर लोळवलेले, त्यामुळे पृष्ठभागाला चमक येते. पान प्रकाशात तिरकं फिरवलं की चमक सरकते. टोमेंटमला चमक नसते. केस सगळ्या दिशांना गुंतलेले असल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पृष्ठभाग निस्तेज राहतो. समुद्रशोकाच्या पानाची खालची बाजू रुपेरी दिसते, आणि त्याच्या प्रजातिनामाचा (शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचा), आर्जिरियाचा, अर्थही रुपेरी असाच. अशा पानाचं वर्णन करताना काही लेखक दोन्ही शब्द जोडून ‘रेशमी-टोमेंटोज’ लिहितात. ते योग्यच आहे, एका शब्दात बसत नसेल तर बसवू नये.

फ्लॉकोज म्हणजे पुंजक्यांनी सुटून येणारा थर. रुईचं कोवळं पान बोटाने पुसा: पांढरा थर पुंजक्या-पुंजक्यांनी निघून येतो आणि खाली हिरवं पान उघडं पडतं. असा थर पाहताना तो आधीच कुठे पुसला गेला आहे का हे बघून घ्या, नाहीतर अर्धं पान टोमेंटोज आणि अर्धं गुळगुळीत अशी विचित्र नोंद होते.

व्हिलसमध्ये केस लांब व मऊ पण सुटे. पायलोजमध्ये तसेच, पण विरळ. हिर्सूटमध्ये लांब व काहीसे राठ. कापसाच्या एका जातीचं नाव गॉसिपियम हिर्सूटम आहे. स्ट्रायगोजमध्ये ताठ केस एका दिशेला चिकटून झोपलेले. स्केब्रस म्हणजे खरखरीत. पारिजातकाचं पान पॉलिश कागदासारखं लागतं ते या गटातलं. यांपैकी कुठल्याचाही टोमेंटोजशी गोंधळ व्हायचं कारण नाही, स्पर्शातच फरक कळतो.

थराची तीव्रता सांगायची असेल तर दोन उपयोगी रूपं आहेत. सबटोमेंटोज म्हणजे टोमेंटोजकडे झुकणारं पण पूर्ण न झाकलेलं. टोमेंट्युलोज म्हणजे अगदी आखूड केसांचा बारीक थर, जो नुसत्या डोळ्यांना फक्त पांढरट झाकसारखा दिसतो.

टोमेंटम नसताना तसं वाटणाऱ्या गोष्टी

भुरी रोग ही पहिली फसगत. बुरशीची पांढरी पूड पानावर पसरते आणि लांबून लवीसारखी दिसते. बोरीवर तर हा रोग नेहमीचाच, म्हणजे खऱ्या टोमेंटमच्या झाडावरच खोटं टोमेंटम. फरक असा: भुरी ठिपक्या-ठिपक्यांनी असते, वरच्या बाजूवरही येते, आणि बोटाला पिठासारखी लागते.

मेणाचा थर ही दुसरी. कोबीच्या पानावर किंवा जांभळावर दिसणारी निळसर-पांढरी झाक केसांची नसते. भिंगाखाली एकही धागा दिसत नाही, आणि बोट लावलं की ठसा उमटतो. अशा पृष्ठभागाला ग्लॉकस म्हणतात.

पिठ्या ढेकूण आणि लोकरी मावा यांचे कापूसपुंजके देठाच्या बेचक्यात किंवा शिरांलगत असतात. सुईने उकरलं की आत कीड सापडते.

चौथी फसगत सगळ्यांत अवघड, कारण तिथे केस खरेच असतात. द्राक्ष, लिची अशा झाडांवर अतिसूक्ष्म कोळी पानात शिरकाव न करता वरूनच रस शोषतात आणि त्या जागी पान स्वतःच दाट, गुंतलेले केस वाढवतं. द्राक्षात खालच्या बाजूला नमद्यासारखा डाग आणि नेमका त्याच्यावर वरच्या बाजूला फुगवटा, अशी जोडी दिसते. लिचीत हे डाग मखमली आणि तपकिरी होतात. एकेकाळी असे डाग बुरशीच समजून त्यांना बुरशीसारखी शास्त्रीय नावंही दिली गेली होती. ओळखायचं कसं? टोमेंटम पानाच्या सगळ्या खालच्या बाजूवर सारखं असतं, हे डाग कुठेही आणि कसेही. रोगट पान वर्णनासाठी घ्यायचंच नाही, हा नियम पाळला की प्रश्न मिटतो.

वय आणि ऊन

कोवळं पान टोमेंटोज आणि जून पान गुळगुळीत, हे इतक्या झाडांत घडतं की त्यासाठी वेगळा शब्दच आहे: ग्लॅब्रेसंट, म्हणजे हळूहळू केस गाळून गुळगुळीत होणारं. यामागे साधं गणित आहे. केस पान अगदी लहान असतानाच तयार होतात; पुढे पान पसरतं, केसांची संख्या वाढत नाही, त्यामुळे ते विरळ होतात, शिवाय वारा-पावसात झडतात. पालवी फुटताना घेतलेला नमुना आणि सहा महिन्यांनी घेतलेला नमुना दोन वेगळ्या जातींचे वाटू शकतात. नोंदीत पानाचं वय लिहिलं नसेल तर ‘टोमेंटोज’ या शब्दाची किंमत निम्मी होते.

ऊन आणि कोरडेपणाचाही परिणाम होतो. टोमेंटममुळे पानालगत स्थिर हवेचा थर अडकून राहतो, बाष्पाचं बाहेर जाणं मंदावतं. पांढरा थर काही प्रकाश परतवतो. लहान किड्यांना चालणं आणि तोंड खुपसणं कठीण होतं. पर्णरंध्रं बहुतेक झाडांत खालच्या बाजूला जास्त असतात, आणि टोमेंटमही तिथेच जास्त आढळतं. भर उन्हातल्या पानांवर थर दाट आणि त्याच झाडाच्या आतल्या सावलीतल्या पानांवर विरळ, हे म्हणूनच नेहमीचं. पहिल्या पायरीत ऊन-सावलीतली दोन्ही पानं घ्यायला सांगितलं ते यासाठी.

शास्त्रीय नावात हा शब्द

नावात तो तीन रूपांत येतो: टोमेंटोसस पुल्लिंगी, टोमेंटोसा स्त्रीलिंगी, टोमेंटोसम नपुंसकलिंगी. जातिनाम विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातिनामाशी जुळलंच पाहिजे, हा वनस्पतींच्या नामकरण संहितेतला नियम आहे. ‘गोरा मुलगा, गोरी मुलगी, गोरं मूल’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. झेरोकोमस सबटोमेंटोसस ही अळंबी, टिलिया टोमेंटोसा हे झाड, गॉसिपियम टोमेंटोसम हा हवाई बेटांवरचा रानकापूस.

अडचण येते ती लिंग ओळखताना. शेवटी ‘अस’ आला की पुल्लिंगी असं धरून चालत नाही. लॅटिन परंपरेत बहुतेक झाडांची नावं स्त्रीलिंगी मानली जातात, म्हणून प्रुनस टोमेंटोसा आणि पॉप्युलस टोमेंटोसा. पिंपळाचं फायकस रिलिजिओसा हे नाव सगळ्यांना पाठ असतं. तेच डोळ्यांपुढे ठेवलं तर चूक होत नाही. झाड एका प्रजातीतून दुसरीत हलवलं की शेवटही बदलतो. नेरियम टोमेंटोसम या नावाने वर्णन झालेलं झाड राइटिया प्रजातीत गेलं तेव्हा राइटिया टोमेंटोसा झालं. लिहिताना ‘टॉर्मेंटोसा’ असा जादा ‘र’ घुसतो, तो टाळावा.

हेच राइटिया टोमेंटोसा आज राइटिया आर्बोरिया या नावाने ओळखलं जातं. मराठीत तो तांबडा कुडा. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही कुडे शेजारी वाढतात आणि फुलं नसताना वेगळे ओळखायला लवच कामी येते: तांबड्या कुड्याची पानं मऊ, मखमली-टोमेंटोज, काळ्या कुड्याची गुळगुळीत किंवा फार तर खालच्या शिरांवर थोडी लव. शेंगा असतील तर ताडून पाहा: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या पण बाकी सुट्या, तांबड्याच्या एकमेकींना जुळून एकच जाड शेंग वाटावी अशा. पांढऱ्या कुड्याचं नाव होलॅऱ्हिना प्युबेसन्स. तीन कुडे, आणि त्यांतल्या दोघांच्या नावात (तांबड्याच्या जुन्या, पांढऱ्याच्या आजच्या) लवीचे दोन वेगवेगळे दर्जे नोंदवलेले.

पण नावावर पूर्ण विसंबायचं नाही. जातिनाम त्या वेळी नाव देणाऱ्याच्या हातातल्या नमुन्यावरून पडतं, आणि नाव वर्णनाशी जुळत नाही एवढ्या कारणावरून ते रद्द करता येत नाही, असंही संहिता सांगते. सिला पेरुव्हियाना ही कंदवनस्पती भूमध्य सागराच्या भोवतालची असूनही पेरूचं नाव मिरवते, ते अधिकृतच आहे. ऐन हा वृक्ष दीर्घकाळ टर्मिनालिया टोमेंटोसा म्हणून ओळखला गेला. आज त्याचं नाव टर्मिनालिया एलिप्टिका आहे. ऐनाची कोवळी पानं दाट लवदार असतात, पण जून पानांची लव बरीच झडते. नाव वाचून जून पानावर टोमेंटम शोधत बसलेला माणूस झाड चुकीचं ठरवून पुढे जाईल. ऐन खोडाच्या मगरीच्या पाठीसारख्या चौकटीदार सालीवरून ओळखणं जास्त सोपं. पिवळ्या कांचनाचं नाव बौहिनिया टोमेंटोसा आहे, पण त्याच्या पानाची वरची बाजू गुळगुळीत असते. नाव सांगतं की झाडाचा कुठला तरी भाग कधी तरी टोमेंटोज असतो. कुठला आणि कधी, हे वर्णनातच शोधावं लागतं.

१ जानेवारी २०१२ पूर्वी नव्या वनस्पतीचं अधिकृत वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं, त्यामुळे जुन्या ग्रंथांत ‘फोलिइस सब्टुस टोमेंटोसिस’ अशी वाक्यं भेटतात: ‘पानं खालून टोमेंटोज’. सब्टुस म्हणजे खाली, सुप्रा म्हणजे वर. एवढे दोन शब्द माहीत असले तरी बरंच वाचता येतं.

नोंद लिहिताना

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: भाग, बाजू, वय, रंग. ‘पानं टोमेंटोज’ ही अपुरी नोंद. ‘पूर्ण वाढलेली पानं वरून गुळगुळीत, खालून पांढरट टोमेंटोज, देठ व कोवळ्या फांद्याही टोमेंटोज’ ही पुरी. केसांचा आकार कळला असेल तर तोही घाला.

मराठीत लिहायचं असेल तर ‘लवदार’ एवढ्यावर थांबू नका. लवदार हा शब्द प्युबेसंटलाही लागतो आणि व्हिलसलाही. ‘दाट, गुंतलेल्या मऊ लवीने झाकलेलं’ असं सविस्तर लिहावं, किंवा सरळ ‘टोमेंटोज’ देवनागरीत लिहावं. एकाच लेखात कधी लोकरी, कधी मखमली, कधी केसाळ असे शब्द केवळ पुनरुक्ती टाळायला बदलू नयेत. वर पाहिल्याप्रमाणे त्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, आणि वाचक तो वेगळाच घेईल.

ओळखीच्या किल्लीत ‘पानं खालून टोमेंटोज’ आणि ‘पानं गुळगुळीत किंवा विरळ लवदार’ असे दोन पर्याय समोर आले आणि नमुना मध्येच कुठे तरी अडकला, तर आधी पाच पानांची तपासणी पुन्हा करा. तरीही ठरत नसेल तर दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहा आणि मिळालेल्या दोन उत्तरांची फुलं-फळांशी तुलना करा. लवीच्या एका लक्षणावर ओळख पक्की करू नये.

नमुना आणि छायाचित्र

नमुना वाळवताना निदान एक पान उलटं ठेवा, म्हणजे चिकटवल्यावर खालची बाजू कागदावर दिसत राहते. हे विसरलं की पुढे कोणीही त्या नमुन्यावरून टोमेंटम तपासू शकत नाही. दाट लवीत ओल अडकून राहते, म्हणून पहिले तीन-चार दिवस टिपकागद रोज बदला. नाहीतर बुरशी चढते आणि खऱ्या लवीपासून ती वेगळी ओळखणं अशक्य होतं. वाळल्यावर पांढरं टोमेंटम पिवळट किंवा तपकिरी पडू शकतं, त्यामुळे ताज्या थराचा रंग त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा. पान चिकटवताना डिंक लवीच्या बाजूला पसरू देऊ नका. देठाजवळ आणि टोकाशी कागदाच्या बारीक पट्ट्या लावल्या तरी पुरतं.

छायाचित्र घेताना पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचं एकेक, आणि बोटावर दुमडलेल्या कडेचं एक जवळून घ्या. फ्लॅश बंद ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि मागे गडद कागद धरा. चौकटीत मिलिमीटरची पट्टी आली पाहिजे, कारण केसांच्या लांबीचा अंदाज नंतर नुसत्या चित्रावरून करता येत नाही.